व्हीलचेअरवरून पिस्तूल नेमबाजी: पहिल्या फोनपासून राष्ट्रीय वर्गीकरणापर्यंत

पॅरा नेमबाजीची, म्हणजे दिव्यांगांच्या नेमबाजीची, चौकशी करायला मी पहिला फोन केला तो जानेवारी २०२३ मध्ये. राष्ट्रीय स्पर्धेत माझं वर्गीकरण झालं (शरीर तपासून खेळातला गट ठरवतात ते), पाठोपाठ पहिली पूर्ण मॅच खेळून झाली, तोवर दोन वर्षं होत आली होती. या काळात पिस्तूल शिकताना जितकं अडलं, त्याहून जास्त इतर गोष्टींपाशी अडलं. कुठला कागद आधी लागतो, खुर्ची कशी हवी, डॉक्टरांकडून नेमकं काय लिहून आणायचं, हे एका जागी सांगणारं कुणी भेटत नव्हतं. म्हणून झालं तसं क्रमाने लिहितेय. पुण्यात कुणी माझ्यासारखं चाचपडत असेल तर त्याचे काही महिने तरी वाचावेत.

मी वारज्यात राहते, कोथरूडच्या एका पतसंस्थेत नोकरी करते. नोव्हेंबर २०१८ मध्ये सातारा रस्त्यावर अपघात झाला. मणक्याला टी-१० पातळीवर इजा झाली. बेंबीच्या खाली संवेदना नाही, हालचाल नाही. हात उत्तम आहेत. पोटाचे वरचे स्नायू काम करतात, खालचे करत नाहीत. ही शेवटची बारीक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली, म्हणून इथेच सांगून ठेवते.

३० ऑगस्ट २०२१ ला टोकियोत अवनी लेखराने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकलं, ते मी फिजिओच्या खोलीत मोबाइलवर पाहिलं. पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिलाही लहानपणी कार अपघातातच मणक्याला इजा झालेली. त्याच टोकियोत मनीष नरवाल आणि सिंहराज अधाना यांनी ५० मीटर पिस्तुलात सुवर्ण आणि रौप्य घेतलं, कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर रायफलमध्ये चौथा आला. आणि आपल्या पुण्यात तर मुरलीकांत पेटकर राहतात. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या जवानाने १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्यात देशाला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. ही सगळी नावं वाचत होते, तरी फोन उचलायला मला दीड वर्ष लागलं. अपघातानंतर नवीन ठिकाणी जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. तिथे पायऱ्या असतील का, संडासाच्या दारातून खुर्ची जाईल का, लोक किती बघतील. ज्यांना हे होतं त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

पहिल्या फोनवर समोरून पहिला प्रश्न आला, "ताई, यूडीआयडी कार्ड आहे का?" म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र. माझ्याकडे २०१९ चा तात्पुरता कागदी दाखला होता, त्याची मुदत संपलेली. तेव्हा सगळ्यात आधी ते. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, पैसे लागत नाहीत. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि जुने वैद्यकीय कागद अपलोड करायचे. मी फेब्रुवारीत अर्ज केला, तपासणीसाठी एका सरकारी रुग्णालयात बोलावलं मार्चच्या शेवटी, आणि कार्ड घरी आलं ऑगस्टमध्ये. मधल्या काळात एकदा तपासणीच्या दिवशी संबंधित डॉक्टर रजेवर निघाले आणि आम्ही दुपारपर्यंत थांबून परत आलो. रांगेत बसलेले बहुतेक लोक दुरून, तालुक्यातून आलेले होते. त्यांचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी पाहून माझा राग माझ्यापुरता राहिला नाही. जाण्याआधी त्या विभागात फोन करून डॉक्टर आहेत ना हे विचारून घ्या. सोबत मूळ डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा अहवाल न्या, झेरॉक्सचे दोन संच न्या, पाणी आणि डबा न्या. कार्ड यायच्या आधीही पोर्टलवर ई-कार्ड उतरवून घेता येतं. मला ते जुलैमध्येच मिळालं आणि बऱ्याच ठिकाणी चाललं.

माझ्या कार्डावर ८५ टक्के आहे आणि पट्टी निळी. ८० टक्क्यांच्या पुढे निळी, ४० ते ८० पिवळी, ४० च्या आत पांढरी. हे टक्के सरकारी सवलतींसाठी आहेत. खेळातल्या वर्गीकरणाशी त्यांचा थेट संबंध नाही. ८५ टक्के म्हणून वरचा वर्ग आणि ५० टक्के म्हणून खालचा, असं काही नसतं. माझी फाइल तयार करून देणाऱ्या ओळखीच्या माणसाने मला अगदी उलट सांगितलं होतं, आणि पुढे रेंजवर भेटलेल्या बऱ्याच जणांचा समजही तोच होता.

कार्डाची वाट पाहत असतानाच रेंज शोधली. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातली रेंज सगळ्यांना माहीत असते. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी हे संकुल सजलं, आणि पॅरिस ऑलिम्पिकला कांस्य जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेने इथे सराव केलेला. मी तिथे आधी एक स्पर्धा नुसती बघायला गेले. माझा सल्ला असा की कुठेही नाव घालण्याआधी असं एकदा बसून बघावं. आवाज किती होतो, किती शांतता असते, नेमबाज दोन शॉटमध्ये काय करतो, हे कळतं. एअर पिस्तुलाचा आवाज मला वाटला होता त्याच्या निम्माही नव्हता, आणि मोठ्या आवाजाने मला अजूनही दचकायला होतं, त्यामुळे हे कळणं माझ्यासाठी मोठं होतं.

रोजच्या सरावासाठी मात्र घराजवळचं काहीतरी हवं होतं. फोनवर सगळे म्हणायचे, "या ना मॅडम, सोय आहे." एका ठिकाणी पोचलो तर रेंज पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "चार पोरं उचलतील तुम्हाला," असं तिथल्या माणसाने प्रेमानेच सांगितलं. मला रोज चार पोरांनी उचलायला नको होतं. त्यानंतर मी फोनवर तीन गोष्टी विचारायला लागले: रेंज कितव्या मजल्यावर आहे, स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती इंच आहे, आणि फायरिंग पॉइंटचं, म्हणजे नेमबाज जिथून नेम धरतो तिथलं, टेबल हलतं की पक्कं आहे. दाराचा फोटो टेप लावून पाठवायला सांगायचे. माझी खुर्ची २५ इंच रुंद आहे, तेव्हा २८ इंचाच्या आतलं दार मला चालत नाही. अशा चौकशीत पाषाणच्या बाजूला तळमजल्यावरची एक छोटी खासगी रेंज मिळाली. प्रशिक्षक सरांनी याआधी पॅरा खेळाडूला शिकवलेलं नव्हतं आणि त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगितलं. "मला नेमबाजी येते, तुम्हाला तुमचं शरीर माहिती आहे, दोघं मिळून बघू," असं म्हणाले. मला ते पटलं. महिन्याची फी चार हजार, त्यात क्लबचं पिस्तूल वापरायला मिळायचं. वारजे ते पाषाण रिक्षाचे एका बाजूचे पावणेदोनशेच्या आसपास होतात, आणि चांदणी चौकाचा नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला होईपर्यंत त्यात वेळ किती जाईल याचा नेम नव्हता. घडी होणारी खुर्ची मागे बसवून नेणारे एक रिक्षावाले दादा ठरवून टाकले. दर महिन्याच्या हिशेबात हा खर्च धरा. फीपेक्षा तो जास्त निघू शकतो.

आता खेळाची थोडी ओळख, म्हणजे पुढचं समजेल. पॅरा नेमबाजीत मुख्य वर्ग दोन. एसएच-१ म्हणजे जो आपलं शस्त्र स्वतः पेलू शकतो. एसएच-२ म्हणजे ज्याच्या हातांत तेवढी ताकद नाही, त्याला रायफलचं वजन पेलायला स्प्रिंगचा स्टँड मिळतो. एसएच-२ फक्त रायफलमध्ये असतो, पिस्तुलात नाही. दृष्टिहीनांसाठी आवाजाच्या साहाय्याने नेम धरायचा वेगळा रायफल वर्ग आहे. मी निवडला तो प्रकार पी-२, म्हणजे महिलांची १० मीटर एअर पिस्तूल, एसएच-१. नियम बराचसा नेहमीच्या नेमबाजीचाच. पिस्तूल एका हाताने धरायचं, वजन दीड किलोच्या आत, ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. १० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं. पंधरा मिनिटं तयारी आणि सायटर (गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट), मग ७५ मिनिटांत ६० शॉट. रायफल न घेण्याचं कारण साधं होतं. जॅकेट, टेबल, स्लिंग हा सगळा पसारा मला रिक्षात नेता आला नसता.

पहिले दोन महिने मी रोजच्या वापरातल्या खुर्चीवरून नेमबाजी केली, आणि शॉट कधी डावीकडे वर, कधी उजवीकडे खाली. सर माझं मनगट बघायचे, ट्रिगरवरचं बोट बघायचे. दोन्ही ठीक. त्याच सुमारास रेंजवर एक निवृत्त हवालदार आपल्या नातवाला घेऊन यायला लागले. ते स्वतः खुर्चीवर. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात बरीच वर्षं राहिलेले, तिथे व्हीलचेअरवरचे खेळ खेळलेले. एक दिवस मागून बराच वेळ बघत होते. मग जवळ आले आणि म्हणाले, "ताई, हात सोडा. आधी बूड स्थिर करा. खाली हललं की वर दिसतंयच."

काकांनी मला पिस्तूल खाली ठेवायला लावलं, डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले आणि खांद्याला एका बोटाने अलगद ढकललं. मी सरळ डावीकडे कलले. रोज खुर्चीत बसते, पाच वर्षं बसते, पण माझं धड किती डगमगतं हे मला तोवर कळलेलं नव्हतं, कारण रोजच्या आयुष्यात एक हात कायम चाकावर किंवा टेबलावर असतो. नेमबाजीत तो नसतो. दीड किलोच्या आतलं वजन खांद्याच्या रेषेत धरायचं, आणि तोल सावरायला पाय नाहीत, खालचं पोट नाही.

मग जुलै ते ऑक्टोबर आम्ही खुर्चीवरच काम केलं. हे सविस्तर लिहिते, कारण नव्या माणसाने पिस्तुलावर पैसे घालण्याआधी इथे घालावेत असं माझं ठाम मत झालंय.

नेहमीच्या घडीच्या खुर्चीला बसायला आणि पाठीला कापड असतं. ते कालांतराने झोळीसारखं लोंबतं आणि त्यात कंबर मागे सरकते, पाठीला पोक येतं. आम्ही बसायच्या कापडावर प्लायवूडची फळी टाकली, तिच्यावर माझी नेहमीची कुशन. फळीच्या कडा गोल घासून घेतल्या, कारण संवेदना नसलेल्या ठिकाणी कड बोचली तर कळत नाही आणि बेडसोर झाला तर सहा महिने सगळंच बंद. मागे उतरती बैठक होती ती सपाट केली. लक्ष्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतं आणि बसलेल्या माणसाचा खांदा त्याच्या बराच खाली येतो, म्हणून बैठक दोन इंच उचलली. त्याहून जास्त उचलली तर तोल जात होता. आर्मरेस्ट काढले. फूटरेस्टची उंची बदलून गुडघे कमरेच्या पातळीत आणले. आणि टायर! ब्रेक लावूनही खुर्ची किंचित हलते ती टायरमध्ये हवा कमी असली की. आता पिशवीत छोटा पंप असतो आणि सरावाआधी हवा बघितल्याशिवाय मी सुरू करत नाही.

खुर्ची लक्ष्याला किती तिरकी लावायची हे डोळे मिटून ठरवायचं. नेम धरायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. हात जिकडे गेला असेल तिकडे खुर्ची वळवायची, हात नाही. माझा कोन साधारण चाळीस अंशांवर स्थिरावला. पुढचं छोटं चाक फायरिंग लाइनपासून किती सेंटिमीटर, मागचं मोठं चाक किती, हे वहीत लिहून ठेवलंय. कुठल्याही रेंजवर गेले की आधी टेप काढते.

फळी, सुताराची मजुरी, फूटरेस्टचं वेल्डिंग आणि नवं कुशन मिळून साडेनऊ हजार गेले. ऑक्टोबरअखेर माझा ग्रुप, म्हणजे शॉट जेवढ्या घेरात पडतात तो घेर, आधीच्या निम्म्यावर आला, हात तोच होता.

पायांचे स्पाझम हा वेगळा विषय. नेम धरलेला असताना पाय अचानक ताठ होतो आणि सगळं अंग उडतं. सरांनी नियम घालून दिला: थरथर जाणवली की बोट ट्रिगरबाहेर, पिस्तूल खाली, पुन्हा पहिल्यापासून. सुरक्षेसाठीही तेच बरोबर. सकाळी पायांचं स्ट्रेचिंग केलं तर ते कमी येतात. दर दहा शॉटनंतर पिस्तूल टेबलावर ठेवायचं आणि दोन्ही हातांवर अंग उचलून बसण्याच्या जागेवरचा दाब काढायचा, हे मी पहिल्यापासून सवयीत घेतलं. कॅथेटरची (लघवीच्या नळीची) वेळही मॅचच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागते. हे कुणी सांगत नाही, विचारायलाही संकोच वाटतो. म्हणून लिहिते.

दिवाळीनंतर स्वतःचं पिस्तूल घेतलं. मोरिनी, स्टायर, पार्डिनी, वॉल्थर ही नावं कानावर येतील. नवं घ्यायचं तर दीड लाखाच्या पुढे तयारी ठेवा. इंजिनिअरिंगला निघालेल्या एका मुलीचं वापरलेलं मला एक लाख दहा हजारांना मिळालं. ठरलेल्या मर्यादेतल्या एअर पिस्तुलाला, म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या शस्त्राला, शस्त्र परवाना लागत नाही. तरी खरेदीची पावती आणि संघटनेचं पत्र नेहमी केसमध्ये ठेवा. वापरलेलं घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख पहिल्यांदा बघा. त्याची मुदत दहा वर्षांची असते आणि मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. लाकडी ग्रिप दुसऱ्याच्या हाताची असते, ती पुट्टी भरून आणि घासून आपल्या हाताची करावी लागते. माझ्या अंगठ्याखाली दोन आठवडे पुट्टी चालली होती. ५०० छर्ऱ्यांचा डबा हजाराच्या आसपास पडतो. घरी पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर (छर्रा न घालता ट्रिगर दाबणं) फुकट आहे आणि त्याने खूप फरक पडतो. लक्ष्यच नसल्यामुळे नजर फ्रंट साइटवर, म्हणजे पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरच्या खुणेवर, राहायला शिकते.

औषधांचं प्रकरण जानेवारी २०२४ मधलं. मला मायग्रेनसाठी प्रोप्रानोलॉल चालू होतं. हे बीटा-ब्लॉकर आहे. त्याने नाडी संथ होते, हाताचा कंप कमी होतो, आणि म्हणूनच नेमबाजीत ते बंदी असलेल्या औषधांत येतं, स्पर्धेच्या काळात आणि स्पर्धेबाहेरही. सरांनी संघटनेचा फॉर्म वाचताना विचारलं, "तुमची सगळी औषधं लिहून आणा." न्यूरॉलॉजिस्टना भेटले, त्यांनी हळूहळू कमी करत दुसरं सुरू केलं. एकदम बंद करायचं नसतं, ते धोक्याचं आहे. ते सहा आठवडे डोकं वाईट दुखायचं आणि मी सराव जवळजवळ सोडला होता. मणक्याच्या इजेनंतर आपल्यापैकी बहुतेकांना रोजच्या गोळ्या असतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही बंदीच्या यादीत आहेत. तेव्हा पहिल्या स्पर्धेच्या किमान तीन महिने आधी यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खेळ कोणता ते सांगा.

मग नोंदणी. राज्य संघटनेचा फॉर्म, आधार, यूडीआयडी, जन्माचा पुरावा, फोटो. इथे माझं नाव आडवं आलं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि अपघाताच्या रुग्णालयाच्या कागदांवर नुसतं पहिलं नाव आणि आडनाव. तीन नावांची तीन माणसं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडलं, रुग्णालयाकडून एकच व्यक्ती असल्याचं पत्र घेतलं. पत्र मिळायला महिना गेला. बायकांनी हे आधीच तपासावं. जून २०२४ मध्ये नोंदणी झाली.

पावसाळ्यात राज्यस्तरीय निवड चाचणी होती. तिथे मी ५०७ केले, ६०० पैकी. सरांना समाधान होतं, मलाही. ३० ऑगस्टला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये अवनीने पुन्हा सुवर्ण घेतलं, मोना अगरवालने त्याच प्रकारात कांस्य, आणि दुसऱ्या दिवशी रुबिना फ्रान्सिसने पी-२ मध्ये कांस्य. माझ्याच प्रकारात! रेंजवर आम्ही सगळ्यांनी ती फायनल पाहिली. सर दर शॉटला तिच्या धडाकडे बोट दाखवायचे, हाताकडे नाही.

राष्ट्रीय स्पर्धा हिवाळ्यात दिल्लीला, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर. रेल्वेच्या सवलतीसाठी रेल्वेचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं, त्यांच्याच नमुन्यातला सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्याला थर्ड एसीत ७५ टक्के सवलत मिळते, सोबत्यालाही. नवरा बरोबर होता. डब्याच्या बोळातून खुर्ची जात नाही, त्याने मला दारापासून बर्थपर्यंत उचलून नेलं, आणि चोवीस तासांपेक्षा मोठ्या प्रवासात पाणी किती प्यायचं याचं गणित मी आधीच मांडलं होतं. एक दिवस आधी पोचा. दोन दिवस आधी पोचता आलं तर उत्तम. बसून बसून सुजलेले पाय उतरायला वेळ लागतो.

वर्गीकरण मॅचच्या आदल्या दिवशी. याची मला सगळ्यात जास्त भीती होती, आणि तिथेच सगळ्यात माणुसकीने वागवलं गेलं. खोलीत दोघं होते, एक वैद्यकीय बाजूचे, एक नेमबाजीतले. आधी कागद: डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय निदानाचा फॉर्म, एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, संमतीपत्र. फॉर्मवर नुसतं 'पॅराप्लेजिया' (कमरेखालचा लकवा) लिहून आणलेल्या एका मुलाला अधिक कागद मागितले गेले. माझ्या डॉक्टरांनी इजेची पातळी, ती पूर्ण की अपूर्ण, स्नायूंची शून्य ते पाच अशी प्रतवारी, सगळं लिहिलं होतं. तसंच लिहून घ्या. डॉक्टरांकडे घाईच्या ओपीडीत जाऊ नका, वेगळी वेळ मागा.

मग टेबलावर झोपवून पायांची, पोटाची ताकद बघितली. नंतर खुर्चीच्या बाहेर, कडेला बसवून हात समोर, बाजूला, धड वळवा, वाका, सरळ व्हा. हे करताना मी पडेन की काय असं वाटत होतं, पण त्यातल्या बाई पूर्ण वेळ हात माझ्या पाठीमागे धरून होत्या. "जे होतं ते करा, जे होत नाही ते होत नाही म्हणा," त्या म्हणाल्या. अपघातानंतर सहा वर्षं मी प्रत्येक तपासणीत काहीतरी सिद्ध करत आले होते. कुठे जास्त अपंग आहे हे, कुठे तितकी नाही हे. इथे दोन्हीची गरज पडली नाही, त्यांना फक्त नेमबाजीत काय आड येतं ते बघायचं होतं. शेवटी माझ्या खुर्चीत बसून, पिस्तूल धरून दाखवायला सांगितलं. खुर्ची आणि साहित्य बरोबर न्यायचंच.

एसएच-१ मध्ये ए, बी, सी असे पोटप्रकार असतात. ते धडावर ताबा किती आहे यावर ठरतात आणि पाठीला टेकू किती उंच मिळणार हे त्यावर अवलंबून असतं. ए ला टेकू नाही, बी ला कमी उंचीचा, सी ला उंच. मला बी मिळाला. काकांनी बोटाने ढकलून पाहिलं होतं तेच जवळजवळ. पुढे 'रिव्ह्यू' असा शेरा आहे, म्हणजे पुन्हा तपासणी होऊ शकते. प्रत्यक्ष मॅचमध्येही वर्गीकरण करणारे मागे उभे राहून बघतात, त्यामुळे खोलीत दाखवलेलं आणि लाइनवर केलेलं एकच असायला हवं. हे वर्गीकरण देशातलं आहे. परदेशी स्पर्धांसाठी वर्ल्ड शूटिंग पॅरा स्पोर्ट या जागतिक संस्थेचं वर्गीकरण वेगळं व्हावं लागतं.

मॅचच्या सकाळी साहित्य तपासणी. ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवतात, पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसतं का बघतात, पाठीच्या टेकूची उंची मोजतात. नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण, हवाच. लाइनवर टेबल माझ्या गुडघ्यांना लागत होतं. तिथल्या अधिकाऱ्यांना सांगितलं, त्यांनी ते पुढे सरकवून दिलं. सायटरच्या पंधरा मिनिटांतली पाच मी खुर्चीचा कोन लावण्यात घालवली. तिसऱ्या मालिकेत (दहा शॉटची एक मालिका) एक मोठा स्पाझम आला. बोट बाहेर, पिस्तूल खाली, पाय दाबून धरले, पाणी प्यायले. तब्बल चार मिनिटं गेली. ७५ मिनिटं पुरतात, घाबरायचं कारण नाही. शेवटचा शॉट झाला तेव्हा घड्याळात सहा मिनिटं उरली होती. ५१८. फायनलच्या आठांत येण्याइतके ते नव्हते. मला वरच्या क्रमांकांतल्या मुलींचे ५४०-५५० बघून, ते माझ्यासारख्याच खुर्चीतून होताना बघून, फार बरं वाटलं.

एकूण खर्च विचाराल तर पिस्तूल धरून दोन वर्षांत साधारण तीन लाख, त्यात सगळ्यात मोठा वाटा पिस्तुलाचा आणि त्याखालोखाल रिक्षा आणि फी यांचा. पतसंस्थेने स्पर्धेच्या दिवसांची विशेष रजा दिली, त्यासाठी संघटनेचं निवडपत्र लागलं. क्लबच्या पिस्तुलावर पहिलं वर्ष सहज काढता येतं, तेव्हा एवढी रक्कम हातात नसेल तर थांबू नका.

बी प्रकारात बसणारा पाठीचा टेकू आता नीट बनवून घ्यायचाय. दिल्लीत नेला तो नियमात बसला, पण फार मागे झुकलेला होता. सुताराला मापं दिली आहेत, काका रविवारी रेंजवर येऊन बघणार आहेत. रुग्णालयाचं ते एकच व्यक्ती असल्याचं पत्र मात्र मी लॅमिनेट करून ठेवलंय, पुढच्या तपासणीला परत लागेल.